सातवा प्रश्न

"नऊ," संगणकावरची नजर न काढता रिझवान म्हणाला. "बरोब्बर नऊ, मॅडम. काठावर का होईना, पण आपण आत आहोत."

दीपमालाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. दोन वाजून गेले होते, मेथीची भाजी तशीच पडून होती आणि आता भूकही मेली होती. पण आज त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांनी रिझवानला पुन्हा एकदा मोजायला लावलं. त्याने मोजलं. नऊच.

हे नऊ काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच उभं आहे. एखाद्या शास्त्रज्ञाने लिहिलेल्या निबंधाचा दाखला इतरांनी आपल्या निबंधात किती वेळा दिला, हे हल्ली मोजतात. तुमच्या निदान नऊ निबंधांचा प्रत्येकी निदान नऊ जणांनी दाखला दिला असेल, तर तुमचा निर्देशांक नऊ. तसे आठच निबंध निघाले तर आठ. प्रयोगशाळेचं कुलूप रोज कोण उघडतं, वीज गेली की फ्रीझरपाशी जीव मुठीत धरून कोण उभं राहतं, हे कुठेच मोजत नाहीत. नाशिकच्या या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं तर निवड समितीने यंदा नऊची अट घातली होती. गुरुवारी मुलाखत होती आणि आज शनिवार.

डॉ. दीपमाला खैरनार चौदा वर्षं सहयोगी प्राध्यापक होत्या. जीवरसायनशास्त्राचा विभाग. पहिल्या वेळी समितीच बसली नाही. दुसऱ्या वेळी फाइल वर गेली ती परत खाली आलीच नाही. तिसऱ्या वेळी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान माणूस निवडला गेला आणि त्याच्या सत्काराचं सूत्रसंचालन बाईंनीच केलं. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बाई तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण केबिनच्या दारावरची ती 'सहयोगी' अक्षरं त्यांना रोज सकाळी टोचायची, हे खोटं कशाला सांगा? रिझवान त्यांचाच विद्यार्थी, आता त्याच विभागात शिकवायचा. या वेळी फाइल मीच करणार, तुम्ही नुसती सही करा, असं त्याने दसऱ्यालाच बजावलं होतं.

नऊ निबंधांतले आठ तसे बेताचेच. कुणाला बारा दाखले, कुणाला पंधरा. नववा मात्र राजा. दोनशे एकतीस.

तो होता निफाडकडच्या द्राक्षबागांचा. द्राक्षावर मारायची काही कीटकनाशकं अंगात भिनली की रक्तातलं एक एन्झाइम घटतं. पण घटलं हे कळायला मुळात किती असायला हवं ते माहीत पाहिजे. तपासणीच्या किटमध्ये येणारी परदेशी चिठ्ठी सांगते, पाच हजार तीनशेच्या खाली गेलं तर काळजी करा. दीपमालाबाईंनी २००९च्या हिवाळ्यात तीन गावांतून रक्त गोळा केलं. एका बाजूला फवारणी करणारी माणसं, दुसऱ्या बाजूला न करणारी. न करणाऱ्या बहुतेक बायकाच निघाल्या, एकशे अठरा. गाव तेच, विहीर तीच, भाकरी तीच, फरक फक्त फवारणीचा. शास्त्राला अशीच जोडी लागते. त्या निरोगी बायकांचे आकडे मांडून बाईंनी जगाला सांगितलं की आमच्याकडच्या माणसांत हे एन्झाइम मुळातच कमी असतं, तुमची चिठ्ठी आम्हाला लागू नाही. आमची मर्यादा चार हजार शंभर. निबंध छापून यायला २०११ उजाडलं, पण त्या बायकांना त्यांचे कागद त्याच हिवाळ्यात याच मापाने दिले गेले.

आपल्या माणसांना आपलं माप! सगळ्यांना ते पटलं. कुठून कुठून पत्रं आली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने हीच मर्यादा धरली आणि प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी ओळ छापून यायला लागली, 'मर्यादा: खैरनार आणि सहकारी, २०११.' बाईंचे वडील सटाण्याला प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी असा एक कोरा रिपोर्ट मागून घेतला होता आणि मरेपर्यंत टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. आल्यागेल्याला सरबत देण्याआधी तो दाखवायचे.

तर रिझवान मोजून थांबला आणि दार ढकलून सितारा आत आली. सितारा शेख, प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ. बावीस वर्षं बाईंच्या हाताखाली होती, आणि त्या हिवाळ्यात जीपमध्ये बर्फाची पेटी मांडीवर घेऊन तिन्ही गावं तीच फिरली होती. तिच्या हातात सहीसाठी रिपोर्ट होते. त्यातला एक तिने वर काढून ठेवला होता.

"मॅडम, बाहेर एक मावशी बसल्यात. त्यांनी मला ओळखलं. म्हणतात, देवळात सुई टोचणारी पोरगी ती तूच ना?"

बाई हसल्या. रिपोर्टवर नाव होतं कुसाबाई, वय एकसष्ट. आकडा चार हजार दोनशे. पुढे छापलेलं होतं, नॉर्मल. सही करायला पेन उघडलं, आणि मग त्यांना वाटलं, चला, जुनं माणूस भेटतंय तर बाहेर जाऊन भेटू. आज दिवस चांगला होता.

बाकावर कुसाबाई पदर घट्ट लपेटून बसली होती. अंगाने अगदी वाळकी, आणि मांडीवर स्टीलचा डबा. शेजारी सून होती, उज्वला. सासूच्या हातून चहाची कपबशी दोनदा पडली आणि परवा ती बांधावर चक्कर येऊन बसली, म्हणून सुनेनेच तिला एसटीत घालून आणलं होतं. दीपमालाबाईंनी तो डबा लगेच ओळखला. रक्त देणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी असा एकेक डबा दिला होता, भांडी बाजारातून घासाघीस करून आणलेला. झाकणावर महाविद्यालयाचं नाव कोरलेलं. अजून वापरता का, असं त्यांनी कौतुकाने विचारलं.

कुसाबाईने झाकण काढलं. आत आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन जुने फोटो आणि दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. तिने तो थरथरत्या बोटांनी उलगडून पुढे केला. क्रमांक सत्याऐंशी. आकडा चार हजार चारशे. नॉर्मल. खाली सही.

"तुमचीच हाय ना?"

"माझीच."

"मंग मला एक सांगा मॅडम. नॉर्मल माणसाचं डोकं सोळा वर्षं दुखतं का?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. ती खरंच विचारत होती. मग तिने सांगितलं ते असं, की डोकं भणभणायचं, मळमळायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची, हाताला कंप सुटायचा. छाटणीपासून माल निघेपर्यंत हे चालायचं, उन्हाळ्यात जरा बरं वाटायचं. त्या कागदाच्या आधीपासून होतं, पण कागद आला आणि तिची बोलतीच बंद झाली. सासू हा कागद देव्हाऱ्यात ठेवायची. कुसाबाई आडवी झाली की बाहेर काढायची आणि आल्यागेल्याला दाखवायची, बघा, मोठ्या डॉक्टरीणबाईने लिहून दिलंय हिला काही झालेलं नाही, नुसता कामाचा कंटाळा. नवराही तेच म्हणायचा. पुढे पुढे तिला स्वतःलाच वाटायला लागलं की आपण ढोंगी आहोत. सासू वारली तेव्हा तिने हा कागद देव्हाऱ्यातून काढून डब्यात ठेवला.

दीपमालाबाईंनी पंचवीस वर्षं डॉक्टर घडवले होते. अशा वेळी काय विचारायचं ते त्यांच्या जिभेवरच असायचं. त्या म्हणाल्या, "पण तुम्ही फवारणी करत नव्हता ना?"

"म्या कशाला फवारू? गन मालकाच्या हातात. म्या मागं नळी धरायची."

उज्वलाने खुलासा केला. नळी लांब असते, मॅडम. ती वेलींत अडकू नये म्हणून मागे एक माणूस लागतं, आणि ते माणूस म्हणजे घरची बाई. पुढचा तोंडाला फडकं बांधतो. मागची भिजत भिजत चालते. औषधाचा हौद ढवळायचा तो आईंनी, कधी काठीने, काठी सापडली नाही तर हाताने. फवारणीचे कपडे धुवायचे तेही आईंनीच. आता सगळीकडे ट्रॅक्टरचा ब्लोअर आला, पण आमचा वरचा तुकडा अरुंद, तिथे ट्रॅक्टर वळत नाही. तिथे नळी अजून आईच धरतात.

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

कुसाबाईने त्यांच्याकडे जरा नवलानेच पाहिलं. "तुमी इचारलं, फवारणी करता का. नाय करत म्हणलं. नळीचं कुठं कुणी इचारलं?"

बाईंच्या हातात कुसाबाईचा नवा रिपोर्ट तसाच होता, सहीविना. तो त्यांनी दिला नाही. नळीला हात लावू नका, ते कपडे धुऊ नका, बुधवारी पुन्हा या, मी स्वतः बघते, एवढं त्यांनी सांगितलं आणि त्या आत निघून आल्या. आत येताच त्यांनी त्या हिवाळ्याची नोंदवही मागितली.

नोंदवही फ्रीझरच्या खोलीत सर्वांत खालच्या कप्प्यात होती. सितारानेच ती काढून आणली. प्रश्न क्रमांक सात. 'तुम्ही स्वतः फवारणी करता का? हो / नाही.' हा प्रश्न दीपमालाबाईंनी स्वतः बसून लिहिला होता, तीनदा खोडून, साध्यातली साधी भाषा व्हावी म्हणून. एकशे अठरा पानांवर 'नाही'पुढे एकशे अठरा खुणा. अर्ध्या त्यांच्या हाताच्या, अर्ध्या सिताराच्या. कुणीही खोटं बोललेलं नव्हतं.

म्हणजे ज्यांना निरोगी धरून माप काढलं, त्या सगळ्या भिजलेल्याच होत्या की काय? मग ते माप आपल्याकडच्या माणसांचं नव्हतंच. ते भिजलेल्या बायांचं माप होतं. आणि त्या मापाने आजवर जो जो नॉर्मल ठरला, त्याचं काय?

बाई मनाशीच वाद घालत होत्या. एक कुसाबाई म्हणजे काही एकशे अठरा नव्हेत. तेवढ्यात सितारा हळूच म्हणाली, "मॅडम, पेठच्या त्या बावीस आठवतात?"

आठवत होत्या. न आठवून सांगतात कुणाला? जोडीला असाव्यात म्हणून पेठकडच्या डोंगरातल्या बावीस बायकांचंही रक्त त्यांनी आणलं होतं. तिकडे द्राक्ष नाही, नागली आणि भात. त्या बावीस जणींचे आकडे भलतेच वर आले होते, सहा हजार, साडेसहा, सात. बाकीच्यांशी मेळ बसेना. तेव्हा बाईंनी विचार केला, डोंगरातली माणसं वेगळी, खाणं वेगळं, घाटातून येताना काही घोटाळा झाला असेल. आणि त्या बावीस जणी त्यांनी बाजूला काढल्या. निबंधात त्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. खरं माप त्यांच्या हातात आलं होतं आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने वगळलं होतं.

रविवारी दोघी निफाडची गाडी पकडून गेल्या. कुसाबाईच्या गावातल्या अडतीस जणी वहीत होत्या. काही वारल्या होत्या, काही मुलांकडे शहरात गेल्या होत्या. उज्वला बरोबर फिरली म्हणून सव्वीस जणी भेटल्या. कुणी अंगणात कांदे निवडत होत्या, कुणी बागेतल्या घडांना कागद बांधत होत्या. दीपमालाबाईंनी या वेळी प्रश्न लिहून आणला नव्हता. त्या बसायच्या, पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, फवारणीच्या दिवशी सकाळपासून तुम्ही काय काय करायचात ते सांगा. बायका सांगायच्या. नळी, हौद, कपडे. घड औषधात बुडवायची वाटी. फवारणी चालू असताना बांधावर जेवण. सगळं अगदी सहज, काहीतरी मोठं सांगतोय असं कुणालाच वाटत नव्हतं. सव्वीसपैकी तेवीस अशा भिजलेल्या निघाल्या. उरलेल्या तिघींत एक गुरवीण, एक शिक्षकाची बायको आणि एक तेव्हा नुकतीच बाळंत झालेली.

त्याच देवळापुढून परतताना बाई थांबल्या. इथे सतरंजीवर बसून त्यांनी चहा घेतला होता, अकरा वाजता, फवारण्या आटोपल्यावर. एक दिवस, फक्त एक दिवस पहाटे येऊन बांधावर उभ्या राहिल्या असत्या तर डोळ्यांनी दिसलं असतं. तेव्हा बर्फ वितळेल म्हणून घाई होती. परतीच्या गाडीत त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. सिताराने आपली पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली.

सोमवारी रिझवानने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो बरा मुलगा होता, त्याने काही उडवून लावलं नाही. उलट त्यानेच आकडे पुन्हा मांडून दाखवले आणि बाईंचा संशय खरा ठरवला. मग दार लोटून घेतलं.

निबंध मागे घ्यावा लागेल, हे त्यालाही कबूल होतं. पण कधी? नियतकालिकाला पत्र गेलं की त्यांची चौकशी सहा महिने चालणार, वर्षही लागेल. मग पत्र आज गेलं काय आणि शुक्रवारी गेलं काय! मात्र आज गेलं तर फाइलमध्ये ते लिहावं लागेल, आणि तो निबंध वजा झाला की नऊचे आठ. मुलाखतीला बसूच देणार नाहीत.

"चारच दिवस, मॅडम," तो म्हणाला. "सोळा वर्षांत चार दिवसांनी काय होतं? प्राध्यापक म्हणून पत्र लिहिलंत तर लोक जास्त ऐकतील."

यात खोट काय होती ते बाईंना सांगता येईना. त्या रात्री त्यांनी पत्र लिहून संगणकात तसंच ठेवलं. मंगळवारी मुलाखतीची साडी इस्त्रीला दिली, अंजिरी रंगाची येवल्याची पैठणी, वडिलांनी नोकरी लागली तेव्हा घेतलेली. इस्त्रीवाल्याने विचारलं, काय बाई, लग्न का कुठे? त्या म्हणाल्या, तसंच समजा. आपल्याला ते पद हवंय, मनापासून हवंय, हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केलं होतं. चार दिवस तर चार दिवस.

बुधवारी सकाळी सिताराने नेहमीसारखी रिपोर्टची चळत आणून टेबलावर ठेवली. अकरा होते. बाई एकेक बघत गेल्या. तिसरा, चार हजार सहाशे, नॉर्मल. सातवा, चार हजार तीनशे, नॉर्मल. नववी एक मुलगी होती, चोवीस वर्षांची, पत्ता निफाडकडचाच. चार हजार एकशे पन्नास. नॉर्मल. खाली ओळ, 'मर्यादा: खैरनार आणि सहकारी, २०११.' आणि त्याखाली सहीची रिकामी जागा.

बाईंनी पेन उघडलं. त्या मुलीला कुणी सासू असेल. घरात देव्हारा असेल. गुरुवारी मुलाखत, शुक्रवारी पत्र. पण हा कागद आजच घरी जाणार होता, बाईंची सही घेऊन. हे त्यांना आधी का दिसलं नाही, याचाच त्यांना राग आला. चार दिवसांनी काय होतं, तर हे होतं.

त्यांनी संगणक चालू केला, पत्र पुन्हा एकदा वाचलं आणि पाठवून दिलं. एक प्रत निवड समितीला, एक अधिष्ठात्यांना. पेठच्या बावीस जणी वगळल्याचंही त्यात होतं, कुठलाही आडपडदा न ठेवता. मग प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे जाऊन ती छापील मर्यादा बदलायला सांगितली. ते म्हणाले, बदलू की, पण संगणकातली ओळ बदलायची तर बैठक लागते, ठराव लागतो, कंपनीचा माणूस यावा लागतो. दोन-तीन महिने धरा.

बाई जागेवर आल्या. ड्रॉवरमधून पट्टी काढली, लाल पेन घेतलं. पट्टी धरून रिपोर्टच्या तळाची ओळ खोडली. 'नॉर्मल' खोडलं. वर हाताने लिहिलं, 'कमी. मर्यादा ५३००.' आणि सही केली. असे तीन. ज्यांचा आकडा चांगला होता त्यांच्यावरचीही तळाची ओळ खोडली. सितारा शेजारी उभी राहून बघत होती. नंतर तिने न सांगता दुसरी पट्टी शोधून आणली.

दुपारी रिझवान आला तो दारातच उभा राहिला. मग म्हणाला, "आठ झाले, मॅडम."

"मोजलेस?"

"मोजायला काय लागतं?" तो म्हणाला आणि खाली बघत राहिला. स्वतःपेक्षा बाईंना त्याचंच वाईट वाटलं. दसऱ्यापासून राबला होता बिचारा.

गुरुवारी समितीच्या अध्यक्षांनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे असं दोनदा म्हणाले. अट ही अट, हे एकदाच म्हणाले. बाई साध्या सुती साडीत गेल्या होत्या. पैठणी इस्त्रीवाल्याकडेच राहिली ती शनिवारी आणली.

कुसाबाई बुधवारी येणार होती ती आलीच नाही, घडांना कागद बांधायची गर्दी होती. ती आली ती फेब्रुवारी सरत असताना, उज्वलाबरोबर, डबा घेऊन. या दोन महिन्यांत उज्वलाने घरात ठामपणे सांगून टाकलं होतं की आई नळी धरणार नाहीत आणि त्या तुकड्यावर फवारणीही कमी करायची. तिच्या नवऱ्याने कुरकुर केली, पण लाल पेनाने लिहिलेला 'कमी' त्याच्यापुढे ठेवला तेव्हा गप्प बसला. तो रिपोर्ट बाईंनी सिताराच्या हाती पोचवला होता.

आज आकडा आला पाच हजार नऊशे. हाताचा कंप पुरता गेला नव्हता, पण कपबशी धरता येत होती. डोकं कधीमधी दुखतं, आता लय नाय, असं कुसाबाई म्हणाली.

त्या दरम्यान रिझवानने एकदा सहज बघून सांगितलं होतं की त्या निबंधाचे दाखले आता दोनशे छत्तीस झालेत. पत्र जाऊनही पाच वाढले. नियतकालिकाची चौकशी चालूच होती. संगणकातली ओळही बदललेली नव्हती, आणि बाईंच्या टेबलावरची लाल पेनं संपत होती.

कुसाबाईने डबा उघडला आणि तो जुना कागद काढून टेबलावर ठेवला. "याचं काय करू मॅडम? ठिवू का फाडू?"

बाईंनी तो ठेवून घेतला. मग एक कोरा कागद पुढे ओढला. छत्तीस निबंध लिहिलेल्या या बाईने त्यातला एकही मराठीत लिहिला नव्हता. हा मात्र त्यांनी मराठीत लिहिला, सावकाश, शिक्षकाच्या मुलीच्या अक्षरात. खाली सही, हुद्दा आणि तारीख घातली. हुद्दा लिहिताना 'सहयोगी' पूर्ण लिहिलं. वर शिक्का मारला आणि कुसाबाईच्या हातात दिला.

तिला वाचता येत नव्हतं. तिने तो सुनेकडे दिला. तिघी बाहेर बाकांपाशी आल्या होत्या, आणि बाकांवर रक्त द्यायला आलेली दहा-बारा माणसं बसली होती. उज्वलाने हळू आवाजात वाचलं:

"२००९ साली कुसाबाई यांना मी दिलेला कागद चुकीचा होता. चूक माझी होती. त्यांना होणारा त्रास खरा होता. त्या खोटं बोलत नव्हत्या."

कुसाबाईने सुनेच्या हातून कागद परत घेतला. मग म्हणाली, "ज्यांना दावायचा त्ये तर गेले गं सगळे. आत्याबाई गेल्या. मालक बी गेले."

तिने कागद घडी करायला घेतला, आणि करता करता थांबली. पुन्हा उलगडला, सुनेच्या हातात दिला आणि पदर सारखा करून बाकावर ताठ बसली.

"अजून येकदा वाच," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."

उज्वलाने मोठ्याने वाचलं. बाकांवरची माणसं बोलायची थांबली आणि ऐकू लागली. दीपमालाबाई दारात उभ्या होत्या, हातात सोळा वर्षांपूर्वीची आपली सही घेऊन, आणि वाचून होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.